बदकाचं पुस्तक माझ्याकडेच होतं

धाकटे,

तुझं हातानं लिहिलेलं, छापायला द्यायचं बदकाचं पुस्तक हरवलं नव्हतं. आठ दिवस तू घर पालथं घातलंस आणि मीही तुझ्याबरोबर शोधायचं नाटक केलं. ते माझ्याच कपाटात होतं.

ते उचललं त्या दिवशी बालवाडीच्या बाई मला म्हणाल्या होत्या, "ताई, तुमची पुस्तकं कशी कोरी करकरीत राहिलीत. धाकटीच्या पुस्तकांच्या पोरांनी वाचून वाचून चिंध्या केल्या." मला ते फार झोंबलं. बारा वर्षं मी मुलांसाठी लिहितेय आणि तू पानावर चार शब्द लिहून पुढे निघून गेलीस.

आज सकाळी ते फाडायलाच बाहेर काढलं होतं. तेवढ्यात माझी लेक मांडीवर येऊन बसली आणि अक्षरांवर बोट ठेवत वाचू लागली, "बदक पडलं धपकन." पोरीनं आयुष्यात वाचलेलं पहिलं वाक्य, आणि तेही तुझं. माझा हात चालेना.

पुस्तक घेऊन छापखान्यात जातेय. दूध तापवून ठेवलंय. पोरीला चारला शाळेतून आण.

आल्यावर हवं तेवढं भांड, पण "जाऊ दे गं ताई" म्हणू नकोस. तेवढा मोठेपणा तरी माझ्याकडे राहू दे.

ताई