लेखातला राहिलेला मुद्दा

३ जून

लेख घेतला! पुण्याचं मासिक. नर्सिंगमधल्या करिअरवर निघतं, होस्टेलच्या मुली वाचतात. विषय माझाच : पहिली नाइट ड्यूटी. एवढी वर्षं वॉर्डात काढली, एवढं तरी लिहिता यायलाच हवं. कुणाला तरी सांगावं म्हणून फोन हातात घेतला आणि तसाच ठेवला. आई असती तर अख्ख्या राजारामपुरीला सांगून आली असती.

५ जून

संपादिकेचा फोन. निशिगंधा मॅडम. मूळच्या पन्हाळ्याच्या, पुण्यात एकट्याच राहतात, पण बोली काही हललेली नाही. "अवो, पोरीनं रातच्याला खायाचं काय, ते लिवलंच न्हाय की तुमी!" खरंच राहिलं होतं. सांगितलं : भाजी-भाकरी नको, बेल वाजली की अर्धं ताट तसंच राहतं. भडंग बरा. तिथून गाडी भडंगाच्या फोडणीवर घसरली, मग पन्हाळ्यावर, मग माझ्या आईवर. किती वेळ बोललो कुणास ठाऊक! चहा गार.

२१ जून

दुसरा लेख पाठवला. पेशंटच्या नातेवाइकांशी कसं बोलावं. वाईट बातमी कॉरिडॉरमध्ये उभ्याउभ्या सांगू नये, आधी खुर्चीवर बसवावं — हा परिच्छेद लिहिला होता. काढून टाकला. मुद्दाम.

लाज वाटते. पण इथं खोटं कशाला लिहू?

२४ जून

आला फोन! "वाईट बातमी कशी सांगायची, ते कुटं हाय वो?" बरोब्बर तेच. मी आपली आत्ता आठवल्यासारखं करून सांगितलं. मग म्हणाल्या, "आज जेवायला काय केलतं?" आमटी, म्हटलं. अजून दोघींचीच होते, एकटीपुरती जमत नाही. त्या म्हणाल्या, "मी तर करतच न्हाय. डबा येतोय."

९ जुलै

प्रसेनजीतचा फोन, कुरुंदवाडहून. धाकटा भाऊ, पण बोलणं कामापुरतं. "पाणी चढाय लागलंय आक्का, ऐतवारी येत न्हाय." रविवार पुन्हा माझा मलाच.

१४ जुलै

तिसरा लेख गेला. पहिली नोकरी धरताना काय काय तपासायचं. या वेळी वगळलं ते असं : मूळ सर्टिफिकेटं हॉस्पिटलला ठेवून घेऊ देऊ नका, झेरॉक्स द्या.

२२ जुलै

फोन नाही.

२८ जुलै

नाहीच. आंघोळीला जातानासुद्धा मोबाइल बरोबर नेते. वेडेपणा! आपणच लावावा का? पण काय म्हणून? त्यांचं माझ्याकडे काम असतं. माझं त्यांच्याकडे काय असतं?

३१ जुलै

शिरोळची एक मुलगी आमच्याकडे इंटरव्ह्यूला आलेली. हुशार! पण सर्टिफिकेटं आधीच्या हॉस्पिटलनं अडकवून ठेवलेली. "जमा करा म्हणलं, केली की सिस्टर. म्हाईतच न्हवतं मला." आणि रडायलाच लागली. माझा लेख असाच छापला गेला तर? माझ्या एका फोनपायी अशा किती जणी रडतील?

घरी आले आणि चप्पल काढायच्या आधी तो परिच्छेद मेल केला. खाली भीत भीत विचारलं, या वेळी मॅडमचा फोन कसा नाही आला?

आता फोन यायचं कारणच उरलं नाही. केलं ते बरोबरच. पण फार वाईट वाटलं. फार.

४ ऑगस्ट

मेलचं उत्तर आलं, कुणा नव्या उपसंपादकाचं. परिच्छेद घेतला आहे. निशिगंधा मॅडम गेल्या महिन्यात निवृत्त झाल्या. आणि पुढे — "फोनबद्दल आपण लिहिलंत त्याचं आश्चर्य वाटलं. लेखकांना फोन करायची आमच्याकडे कधीच पद्धत नव्हती. शंका असल्या तर मेलवरच विचारतो. मॅडमही तसंच करत."

पुन्हा पुन्हा वाचलं. आमटी करपली.

५ ऑगस्ट

मी लावला.

"कोण, अक्षता? बया! नोकरी सुटल्यापास्नं इचार करतीया, आता कुटल्या लेखाचं निमित्त काढून फोन करू तुला!"