मुराळी कोण येणार, अक्का?

अक्का,

फोनवर बोलावलं मला. फोनवर! तुझ्या सुनेनं, रुपालीनं. एक चित्र पाठवलं. पाण्यानं भरलेली घागर, तिच्यावर खरबूज, बाजूला दोन आंबे, वरून फुलं पडताहेत, मधे अक्षय्य तृतीयेच्या शुभेच्छा, आणि खाली लिहिलंय, मावशी, आखाजीला नक्की या. झालं बोलावणं. तेच चित्र आणखी किती जणींना धाडलं असेल कोण जाणे. माहेरवाशिणीला असं बोलावतात का? मुराळी नको? दारात येऊन, पाणी पिऊन, चल, तुला घ्यायला आलो, असं म्हणणारं माणूस नको?

प्रिय वगैरे मी लिहिलं नाही. चौथी शिकलेल्या बाईला जेवढं येतं तेवढं लिहिते. तू चुका काढणार नाहीस, तू तर माझ्याआधीच शाळा सोडलीस. आणि लिहायला बसले ते यासाठी की घरात हे कोणापाशी काढलं की हसतात.

आमचे हे काय म्हणाले ऐक. म्हणे, मुराळीच पाहिजे ना तुला? मीच होतो. टोपी घालतो, पिशवी घेतो, चल. नवरा मुराळी! म्हणजे सासरच्या माणसानंच सासरी यायचं आणि सासरहूनच घेऊन जायचं. तू असतीस तर पोट धरून हसली असतीस. मी मात्र त्यांना रात्रीची भाजी वाढली ती न बोलता वाढली.

मागच्या आखाजीला कोणी आलं नाही, मी काही म्हटलं नाही. तू नुकतीच गेली होतीस, घरात सण कुठला? पण यंदा तुझ्या नावानं भरायची पहिली घागर आहे. बहिणीच्या पहिल्या घागरीला बहीण बिनबोलावता जाईल का?

आबा गेले त्या वर्षी मला वाटलं होतं, संपलं माझं माहेर. भाऊ नाही, बाप गेला, आता इथं पिंपराळ्याला मला घ्यायला कोण येतंय? आखाजीच्या आधी ओट्यावर डाळ निवडत बसले होते, तर तू रिक्षातून उतरलीस. हातात पिशवी, पदर खोचलेला, घामानं निथळलेली. म्हणालीस, ऊठ, घ्यायला आले. शेजारची बाई खवचट, तिनं लगेच विचारलं, तुमच्यात बाईमाणूस मुराळी येतं का? तू चप्पल काढता काढताच तिला सांगितलंस, “मिशीच तेवढी नाही वं माझ्याजवळ, बाकी बठ्ठं आणलं आहे.” ती बाई त्यानंतर आपल्याला बघितलं की आत जायची.

मग दरसाल तूच. तुझ्या सासरहून, यावलहून इथवर उन्हातान्हात यायचं आणि मला घेऊन परत तसंच तुझ्या घरी जायचं. मी म्हणायची, अगं मी लहान आहे का, मी येईन की गाडीत बसून. तर रागवायचीस. म्हणायचीस, आपल्या पायानं आलेली लेक आणि आणलेली लेक यात फरक असतो. हे तूच शिकवलंस ना मला? मग आता कशी जाऊ आपल्या पायानं?

आणि तुझी ती झोप. घरात तुला झोप म्हणून नव्हती. रात्री उठून कडी लागली का बघायचीस, पाण्याचं पिंप झाकलं का बघायचीस, गुरांपाशी चक्कर टाकायचीस. पहाटे सगळ्यांच्या आधी चूल. पण एसटीत पाऊल टाकलं, खिडकीची जागा मिळाली, की गाडी स्टँडच्या बाहेर पडायच्या आत घोरायला सुरुवात. डोकं गजावर आपटतंय, पदर उडतोय, बाईसाहेब झोपलेल्या. बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हा म्हणालीस, बघ, आता अर्ध्या पैशात पुरी झोप.

एकदा भुसावळहून चोपड्याच्या गाडीत बसलो आणि तुझं बघून माझाही डोळा लागला. जाग आली तर यावल मागं गेलेलं, किनगाव आलेलं. कंडक्टर आपल्यावरच ओरडला, दोन दोन बायका आणि एकीलाही शुद्ध नाही? तू त्याला म्हणालीस, मी मुराळी आहे, जागं राहायचं काम हिचं होतं. किनगावच्या फाट्यावर भजी खाल्ली आपण, उलट्या गाडीची वाट बघत. मला इतकी भूक नंतर कधी लागली नाही.

तेव्हाच मी विचारलं होतं तुला, गाडीतच कशी लागते गं झोप? तू म्हणालीस, घरात पडलं की कोणी ना कोणी हाक मारतं, गाडीत कोण मारणार? मी हसले होते. आता ते आठवलं की हसू येत नाही. खरं सांग, तू मला घ्यायला येत होतीस का झोपायला येत होतीस? झोपायला येत असलीस तरी चालेल. पण मग आणखी यायचं होतंस. नुसत्या आखाजीलाच का? पोळ्याला यायचं, दिवाळीला यायचं. मी काय नाही म्हटलं असतं?

रुपालीचं सांगायचं राहिलं. चित्र आलं तसा मी तिला फोन लावला. बोलायचं ठरवूनच लावला. म्हटलं, बाई, आमच्यात असं बोलावत नाहीत, दिपकला पाठव गाडी घेऊन, तुझ्या नवऱ्याला मावशी जड झाली का? तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. वाटलं, रडते का काय. मग तिनं तिच्या धुळ्याकडच्या बोलीत सांगितलं, घाबरली की तिला तीच बोली येते, “मावशी, तुम्ही घरना शेतस. घरना माणूसले कोन लेवाले जास?”

घरच्या माणसाला कोण घ्यायला जातं, असं विचारते ती मला. अक्का, मी कानाला फोन लावून तशीच उभी. वरून सांगते, तुम्हीच मोठ्या आता, तुम्ही याल आणि सांगाल तसं मी करीन, मला घागर भरता येत नाही. माझा राग होता तो कुठं ठेवू? मी म्हटलं बघते, आणि फोन ठेवला. तिला वाटलं असेल मावशी फुगली. फुगले नव्हते.

पण फोन ठेवायच्या आधी तिनं आणखी एक सांगितलं, आणि तेच माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणे, घागरीपुढच्या ताटात सगळं आईंच्या आवडीचं करणार आहे. पुरणपोळी, आमरस, आणि बागेतल्या पहिल्या घडाची केळी, आईंना किती आवडायची ना!

केळी! तुला!

आई केळीच्या बागांत मजुरीला जायची आणि घड कापायच्या दिवसांत पिकून फुटलेली केळी पदरात बांधून आणायची. सकाळी केळी, सांजेला केळी, भाकरीच्या जागी केळी. तेव्हापासून तुला वास आला तरी मळमळायचं. आणि लग्न कुठं झालं तुझं? केळीवाल्याच्या घरात! सासू कौतुकानं हातात केळं द्यायची, तू हसून घ्यायचीस आणि मागच्या दारी जाऊन शेळीला चारायचीस. शेळी कशी गुबगुबीत झाली होती! घरातले समजायचे, हिला केळी एवढी आवडतात की एकटीच बसून खाते. नवऱ्याला कळलं नाही, दिपकला कळलं नाही. मला एकटीला माहीत.

तुला आवडायचं ते काय? शिळं भरीत, तेही गार. आणि कळण्याची भाकरी चहात बुडवून. मी तोंड फिरवायची, म्हणायची, शी, उडदाची भाकरी आणि गोड चहा! परवा कोणी नसताना करून पाहिलं. वाईट लागतं, अक्का. खाल्लं मात्र सगळं.

माझी सोनी म्हणते, आई, एवढं काय त्यात, वहिनीला फोन करून सांग केळी ठेवू नको. फोनवर सांगू? तू उभा जन्म त्या घराचं मन राखलंस ते मी फोनवर मोडून टाकू? दिपक बागेत राबतो, पहिला घड आईसाठी ठेवलाय त्यानं. त्याला काय वाटेल? हे जवळ बसून सांगायचं असतं. किंवा सांगायचंच नसतं, नुसता हात पुढं करून ताटातलं केळं उचलून घ्यायचं असतं. त्यासाठी मला तिथं असायला पाहिजे.

म्हणजे जायला पाहिजे. आणि माझं पाऊल उचलत नाही. सगळे म्हणतात मान हवाय हिला. मान गेला खड्ड्यात. मी अजून रोज रिक्षाचा आवाज आला की ओट्यावर येते, हे मी कोणाला सांगितलेलं नाही. आपल्या पायानं निघाले म्हणजे तू येणार नाहीस हे मी मान्य केलं. मग परत कधी वाट बघता येणार नाही. कळतंय का तुला?

एवढं वचन देते. आले तर तुझ्या ताटात केळं राहू देणार नाही, आणि दिपकचं मनही मोडू देणार नाही, ते कसं करायचं ते माझं मी बघीन. भरीत आदल्या दिवशी करून घेऊन येईन. रुपालीला घागर भरायला शिकवीन, आणि तिच्यावर ओरडणार नाही. कमी ओरडेन. पुढच्या साली तिला माहेरी जायचं असेल तर तिच्या भावाला मीच फोन करीन, मुराळी म्हणून ये म्हणून.

पण आधी तू बोल. स्वप्नात येऊन सांगू नको, मी दगडासारखी झोपते, मला काही दिसत नाही. दुसरं कसंही सांग. एकटी येऊ का? आले तर तू मला आणलेली लेक म्हणशील का आपल्या पायानं आलेली? आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी मला भुसावळची गाडी धरायची आहे. त्याच्या आत उत्तर पाहिजे.

तुझी धाकटी,
शेवंता