जोडकार्डावरचं ताट

बंगलोर, १७ ऑगस्ट २००७
॥ श्रीराम ॥

तीर्थस्वरूप गोजराअक्कास लताचा शि. सा. नमस्कार वि. वि.

काल रात्री सुखरूप पोचले. आपल्या सविताला नववा सरत आलाय. पाय सुजलेत, पण तोंडावर तेज आहे. डॉक्टरीणबाई पंधरा दिवस म्हणतात. मागच्या खेपेला आठव्यातच सगळं आटोपलं, त्यामुळे ती हसली तरी मी मनात रामरक्षा म्हणत असते. फोनवर बोलता येत नाही, ती शेजारीच असते.

तुझ्या धनराजने मला मुंबईला विमानतळाच्या दारापर्यंत सोडलं. आत गेल्यावर कळलं, पावसामुळे विमान सहा तास उशिरा. जावईबापूंनी, सुनीलरावांनी, त्यांच्या बँकेच्या कार्डाचं एक जोडकार्ड मला धाडलं होतं, वर उठावाच्या अक्षरांत माझं नाव. मी ते देवापुढे ठेवून, हळदकुंकू लावूनच पिशवीत घातलं. ते दाखवलं की लाउंजमध्ये बसू देतात, म्हणाले होते. मला वाटलं, बाकडी असतील.

अक्का, इंद्राची सभा गं. पाऊल बुडेल असा गालिचा, भिंतभर काच, आणि काचेपलीकडे विमानं गोठ्यातल्या गुरांसारखी शांत उभी. दारावरच्या मुलीने हळद पुसून कार्ड यंत्रातून ओढलं, या आजी म्हणाली, सोबत एक माणूस चालेल असंही म्हणाली. मी उगाच मागे वळून पाहिलं. तू हवी होतीस.

आत इडली, शिरा, दहीभात, फळं. कोणी पैसे मागेना. मला वाटलं कोण्या शेठजीचं अन्नदान असेल. दानपेटी शोधली, नव्हती. सकाळपासून पोटात काही नव्हतं. दहीभात जेवले, शिरा दोनदा घेतला. ताट विसळायला नळ शोधू लागले, तर त्या मुलीने हातातून काढूनच घेतलं.

इथे आल्यावर सुनीलराव हसत म्हणाले, आई, तुम्ही कार्ड दाखवलंत ते मला मोबाइलवर लगेच कळलं. वर्षाची फी मी भरतो, जेवण त्यातलंच. मी तशीच देवापुढे जाऊन हात जोडले. नातवंडाचं तोंड पाहीपर्यंत लेकीच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, हा आपला नेम. लग्नाला सात वर्षं झाली, मी पाळला. आताही नाशिकहून तांदूळ, डाळ, स्टोव्ह घेऊन आलेय. आणि शेवटच्या पंधरा दिवसांत जावयाचं अन्न खाऊन बसले. सविताला काही झालं तर? काय प्रायश्चित्त घेऊ ते कळव. रागावलीस तरी लोभ ठेव.

तुझी,
लता

देवळा, २३ ऑगस्ट २००७

चि. सौ. लतास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. शिरा दोनदा घेतलास हे वाचून मला हसू आलं, देव मला क्षमा करो. लहानपणीही शिरा म्हटलं की तुझा नेम ढिला पडायचा.

आता ऐक. हे मी पस्तीस वर्षं कोणाला सांगितलं नाही. मला सातवा महिना होता, आई भेटायला आली. एसटी वाटेत बंद पडली, चार कोस उन्हात चालत आली नि ओट्यावरच बसली. ओठ पांढरे पडले होते. मी बाजरीची भाकरी आणि कांदा पुढे ठेवला. ती नको नको म्हणाली, मी ऐकलं नाही. शेवटी जेवली. जाताना तिने शपथ घातली, लतीला सांगू नकोस, ती फार नेमाची आहे, घाबरेल.

दोन महिन्यांनी धनराज झाला. ज्याने तुला विमानतळावर सोडलं तोच. सहा फूट उंच, ओझरच्या कारखान्यात विमानांच्या पंखांना हात लावतो. बघ बाई, भाकरीने त्याचं काय वाकडं केलं.

प्रायश्चित्त हवंच असेल तर स्टोव्ह विझव आणि लेकीजवळ बस. तिच्या पानाशेजारी तुझंही पान मांड, आणि ती वाढेल ते जेव.

आशीर्वाद देणारी,
अक्का

बंगलोर, १ सप्टेंबर २००७
॥ श्रीराम ॥

तीर्थस्वरूप अक्कास सा. न. वि. वि.

तुझं पत्र सोमवारी आलं. त्याच संध्याकाळी मी स्टोव्ह खोक्यात बांधला आणि सविताच्याच ताटात, तिच्या शेजारी बसून वरणभात जेवले. तिने माझ्या भातावर आणखी एक चमचा तूप वाढलं. तिच्या घरी मी पहिल्यांदा जेवत होते.

काल पहाटे मुलगी झाली. सव्वासहा पौंड. दोघी खुशाल. रडते इतकी खणखणीत की शेजारचं दार उघडलं.

बारशाला तू यायचंसच. मी मुंबईला येऊन थांबते. सोबत एक माणूस चालतं. काचेजवळ बसू, आणि शिरा मी तुला वाढीन.

आशीर्वाद असू दे, आता तीन पिढ्यांवर.

लता