भोपळ्याच्या पानांवरचे पांढरे डाग

३ जून, सकाळी
बायकोच्या भोपळ्याच्या वेलांवर पांढरे डाग. भुरी! म्हणजे बुरशी. एका नजरेत ओळखलं. बायको म्हणते, आईच्या बियांचे वेल आहेत, पानं अशीच असतात. आई गेली, हे शेवटचं बी, हात लावू नका. भावनेच्या भरात माणसं रोग पोसतात. केमिकल नको, झाडपाल्याच्या अर्कानेच बुरशीचा मुडदा पाडणार.

४ जून
लसूण, मिरच्या, कडुलिंबाचा पाला मिक्सरमध्ये. मिक्सर शहीद. त्याच हाताने डोळा चोळला. बराच वेळ भिंतीला लाथा घालत होतो. अर्क जहाल आहे, सिद्ध झालं.

५ जून, भर दुपारी
अर्कात पाणी घालायचं असतं म्हणे. शत्रूला पाणी कशाला पाजायचं? वर भांड्यांचा साबण ओतला. मेहुणा म्हणाला, आधी एका पानावर मारून बघा. भित्रा. सगळे वेल धू धू धुतले.

६ जून
पानं तपकिरी, कुरकुरीत. डाग साफ! बायको रडतेय. विजय पचायला वेळ लागतो.

७ जून
दुसरा फवारा मारायला गेलो, तर मेहुण्याने पंप हिसकावला. मी त्याच्या कानाखाली जाळ काढला. त्याने अर्क माझ्याच तोंडावर मारला. आंधळा झालो, तरी माघार नाही. वेलावरचा भोपळा हाताला लागला, तो उपटून त्याच्या कपाळावर हाणला. दोन्ही फुटली. त्याला टाके पडले. त्याच्या गुद्द्याने माझं नाक वाकडं झालंय, पण रुबाबदार दिसतं.

८ जून
रोगट भोपळ्याचे तुकडे बियांसकट जाळले. पद्धत म्हणजे पद्धत.

९ जून, संध्याकाळी
बायकोने शेतकी खात्यातल्या बाईंना आणलं. त्यांनी एक वाचलेलं पान शोधून अंगठ्याने घासलं. डाग जाईना. भुरी असती तर बोटाला पीठ लागलं असतं म्हणे. रोग नाहीच, पानाचा रंगच तसा. मी म्हटलं, बघा, आता रोग उरलाच नाही. कोणी हसलं नाही.

बाई बायकोला म्हणाल्या, वेल गेले तर जाऊ दे, एखादं पिकलेलं फळ असेल ना? फुटकंही चालेल, बी निघेल. मेहुण्याने राखेकडे बोट दाखवलं. बायको शांतपणे म्हणाली, अहो, ते फावडं द्या जरा. मी दिलं.

आतून कडी लावून लिहितोय. दारावर घाव बसतायत. प्रत्येक घावाला ती एवढंच म्हणतेय, माझ्या आईचं बी होतं हो ते. वरची फळी गेली.

कडी काढतो.