सूर मारणाऱ्यांची पोटं

४ मार्च
लेकीला आणायला तरणतलावावर गेलो. किळस आली. ओली फरशी, तिच्यावर लोकांचे केस. टाइल्सच्या सांध्यांत काळी बुरशी. माझ्या टाइल्सच्या शोरूममध्ये असा सांधा दिसला तर मिस्त्रीला दारात उभं करणार नाही.
मात्र एक नोंद. उंचावरून सूर मारणाऱ्या या पोरापोरींच्या अंगावर चरबी औषधालाही नाही. खांदे, पोटऱ्या कोरून काढल्यासारख्या. आणि काम काय? शिडी चढायची आणि पडायचं. पडायला कसले कष्ट?

५ मार्च
लेकीला सूर मारण्याच्या महिनाभराच्या शिबिराचं बोलावणं आलंय. परीक्षा तोंडावर! साफ नाही म्हटलं. ती म्हणाली, यात मेहनत असते बाबा. मी म्हटलं, मेहनत कसली, पाणीच अंग ठोकून आकारात आणतं. ती ताटावरून उठली. बायकोने असं पाहिलं की मी पुन्हा भात वाढ म्हटलं नाही.

६ मार्च, सकाळी
ठराव : स्वतः सूर मारून सिद्ध करणार. महिन्यात पोट सपाट. विषय बंद.

८ मार्च
लेकीच्या कोचबाईंना भेटलो. म्हणे, पाण्यात आम्ही कमीच असतो. बहुतेक सराव जमिनीवर. बारला लटकून पाय वर न्यायचे, हातांवर उभं राहायचं, उड्या मारायच्या. हवेत वेळ क्षणभराचा. अंग जितकं घट्ट गोळा होईल तितकी गिरकी जलद, म्हणून जादा वजन परवडत नाही. पोट ढिलं असेल तर पाणी थोबाडीत मारतं. हे सांगताना नजर माझ्या पोटावर. असभ्य बाई. आपलं काम अवघड करून सांगायची खोड सगळ्यांनाच असते. आमचे मिस्त्री तेच करतात.

९ मार्च
बारला लटकलो. पाय वर नेण्याचा नुसता विचार केला, तर मांडीत गोळा आला. बार कुणाच्या तरी घामाने चिकट. शी! स्वच्छतेच्या कारणावरून जमिनीवरचा सराव बंद.

११ मार्च
हसलं की बरगड्या दुखतात. हसण्यासारखं घरात काही नाही, त्यामुळे अडचण नाही.

१४ मार्च, दुपारी
सकाळी गेलो. उगाच शोबाजी नको म्हणून मधल्या उंचीची फळी. शिडीवर तळपायाला कुणाचं तरी वापरलेलं बँडेज चिकटलं. वरून पाणी नको तितकं लांब दिसत होतं. फळी हलत होती, म्हणजे देखभाल शून्य. मी कठडा धरून तिची पाहणी करत राहिलो. खाली रांग लागली. कुणीतरी म्हणालं, काका, मारा की.
शेवटी लेक वर आली. म्हणाली, "बाबा, खाली बघू नका. माझा दंड धरा."
धरला. लाकडासारखा. सगळा भार तिच्यावर टाकून पायरी पायरी उतरलो, तिचा हात जरासुद्धा हलला नाही. कोचबाईंचं बोलणं आठवलं. लगेच विसरलो. खाली टाळ्या पडल्या. माणसांचा उबग आला.
डोकं दुखतंय. पांघरूण घेऊन पडतो.

१४ मार्च, संध्याकाळी
उठलो. पुष्कळ विचार केला. बापाने मन मोठं ठेवावं. बायकोला बोलावून सांगितलं, माझी परवानगी आहे, जाऊ दे तिला शिबिराला.
बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "ती दुपारीच गेली. तुम्ही घोरत होतात."