नाजिलांचं माहेर

अब्बा,

परवा जुम्म्याची नमाज पढून आलो, जेवलो आणि आडवा झालो, तर डोळा लागताच तुम्ही नदीत उभे दिसलात. गुडघाभर पाण्यात, पायात स्टोअरमधले जुने सेफ्टी शूज, डोक्याला रुमाल. पाणी इतकं थंड की तुमचे ओठ निळे पडलेत, आणि तरी तुम्ही हसताय. मागे हिरवे डोंगर, त्यावर धुकं. पाणी एका बाजूनं येऊन दुसऱ्या बाजूला जात होतं, आणि स्वप्नात मला एवढ्याचंच नवल वाटत होतं. ज्या देशात एकही नदी नाही तिथे राहून मला नदीची स्वप्नं पडतात, हे कुणाला सांगितलं तर हसतील. पण ही स्वप्नं माझी नव्हेतच, तुमची आहेत. तुमची पाहून व्हायची राहिली, म्हणून माझ्याकडे आली असावीत. जाग आली तेव्हा एसी घरघरत होता आणि पडद्याच्या फटीतून सौदीतल्या या यान्बू शहराचं पांढरं ऊन आत येत होतं. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. मी अजून इथेच आहे.

ही नदी तुमच्या डोक्यात घातली ती त्या गोऱ्या इंजिनिअरनं. कॉन्ट्रॅक्ट संपवून मायदेशी निघाला तेव्हा सामान जमा करायला तुमच्या स्टोअरच्या खिडकीशी आला, आणि जाताना आपला लांब लवचिक गळ आणि पिसांच्या माश्यांची डबी तुम्हाला देऊन गेला. धाग्यानं बांधलेल्या खोट्या माश्या, आत आकडा. तुम्ही घरी येऊन अम्मीला म्हणालात, "माशी लावून मासा धरतात म्हने. तिकडचे मासे येडे दिसतात." पण दुसऱ्या दिवसापासून तुम्ही बिल्डिंगच्या मागच्या रिकाम्या पार्किंगमध्ये तो दोर पुढेमागे फिरवायला लागलात. आयुष्यभर गावी साखरतरच्या खाडीत हातगरी, म्हणजे नुसता दोर आणि आकडा, टाकलेला माणूस, पन्नाशीत नवं शिकत होता. गोऱ्यानं तुम्हाला ट्राउट नावाच्या माशाची गोष्ट सांगितली होती. बर्फाच्या पाण्यातला, अंगावर ठिपके असलेला मासा. त्याच्या गावच्या नदीवर म्हणे माणसं वाट्टेल तेव्हा जात नाहीत. कुणी कुठल्या वारी जायचं ते ठरलेलं, किती मासे न्यायचे ते ठरलेलं, आणि नदीचं एखादं वळण आळीपाळीनं रिकामंच ठेवायचं. का, तर पाणी दमतं. तुम्हाला हे इतकं पटलं की तुम्ही त्याचं भाषांतरच करून टाकलंत. "नदीला पन जुम्मा लागतो," असं तुम्ही जो भेटेल त्याला सांगायचात. मग विचारायचात, त्या ट्राउटच्या पोटात अंड्यांची गाभोळी असते का रे? मला काय ठाऊक? मी तरी कुठे नदी पाहिली होती?

गोऱ्याची माशी पाण्यावर तरंगायची, ती आपल्या तांबड्या समुद्रातल्या नाजिलला काही पसंत पडेना. नाजिल म्हणजे आपल्याकडच्या हेकरू माशाच्याच जातीतला, लाल अंगाचा, निळ्या ठिपक्यांचा, इथल्या लोकांचा जीव की प्राण. मग तुम्ही बकरी ईदच्या बकऱ्याचे केस आणि अम्मीच्या ओढणीची जर घेऊन स्वतःच्या माश्या बांधायला बसलात. अम्मी ओरडली. पण त्या चकाकत्या जरीवर पहिला नाजिल आला आणि नारळाच्या दुधात शिजून ताटात पडला, तेव्हा तीच म्हणाली, दुसरी ओढणी पण जुनीच हाय. शहराच्या उत्तरेला, डांबरी रस्ता सोडून अर्धा तास वाळूतून गेलं की तुमची ती जागा. गुडघाभर पाण्याचा खडकाळ कट्टा लांबवर आत जातो, मग एकदम निळा कडा, आणि त्या कड्यात एक खाच. इथल्या समुद्राला भरती-सुकती नावापुरतीच, त्याची तुम्ही कायम टर उडवायचात. पण त्या खाचेत काय चालतं ते दोन उन्हाळे बघून तुम्ही ओळखलंत. उन्हाळा लागता लागता, पुनवेच्या सुमाराला, कुठून कुठून नाजिल तिथे जमायचे. पोटं गाभोळीनं तट्ट फुगलेली. मी गळ टाकायला पुढे झालो तर तुम्ही माझं मनगट धरलंत, इतकं घट्ट की बोटं उमटली.

"ह्या माह्यारी आल्या हायत," तुम्ही म्हणालात. "माह्यारी आलेल्या लेकीवर कोन हात टाकतो?"

तेव्हापासून आपल्या घरात त्या जागेचं नाव माहेर. त्या दोन महिन्यांत तिकडे फिरकायचं नाही, एरवी एकाआड एक जुम्म्याला जायचं, आणि कालवणापुरते दोन मासे मिळाले की दोर गुंडाळायचा. शेजारी विचारायचे, भाईसाब कहाँ गए? अम्मी म्हणायची, मायके. आणि आत येऊन हसत सुटायची की जगात बाई माहेरी जाते, आमच्यात बाप्या जातो. जागेबद्दल मात्र तुम्ही कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. आपण दोघं आणि अम्मी, बस.

आणि मग माशी शिंकली. पिसांची नव्हे, खरी. सौदीकरणाची वर्षं ती. कामावर किती सौदी आहेत त्यावरून कंपनीला रंग मिळायचा, हिरवा, पिवळा, लाल. लोक तब्येत विचारावी तसा रंग विचारायचे. आमची कंपनी पिवळ्यात गेली. स्टोअरकीपरची जागा सौदी माणसाला द्यायचं ठरलं, आणि तुमचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपायला दीड महिना उरला होता. मी त्याच कंपनीत कागदपत्रं सांभाळायचो, माझं पद त्या यादीत नव्हतं. म्हणजे तुम्ही आणि अम्मी जाणार, मी एकटा राहणार. तुम्ही वरवर म्हणायचात, "खलास तर खलास, गाव काय पळून गेलाय?" पण तुम्ही रोज अर्धी भाकरी टाकायला लागला होतात, आणि जिना चढताना मधेच थांबून उगाच खिडकीतून बाहेर बघायचात. मला दिसत होतं. तुमची मुदत वाढवायची का नाही, हे आमच्या मुदीरच्या, म्हणजे मॅनेजरच्या, एका सहीवर होतं. मुदीरला स्वतःची बोट होती आणि मासेमारीचं वेड. कुठल्याशा दावतीत त्यानं तुमचा नाजिल खाल्ला होता, तेव्हापासून तो जागा सांगा म्हणून तुमच्या मागे लागला होता. अम्मी तुम्हाला म्हणालीसुद्धा, "अवो, सांगून टाका ना त्याला. पाण्यात ऱ्हाऊन माशाशी वैर कशाला?" तुम्ही ताटावरून उठलात. पुनव आठवड्यावर आली होती.

दुसऱ्या दिवशी सह्यांची फाइल घेऊन मी त्याच्या केबिनमध्ये गेलो. माणूस वाईट नव्हता. त्यानं मला गावा, म्हणजे अरबी कॉफी, पाजला आणि हसत विचारलं, "तेरा अब्बा नाजिल किधर से लाता? मैं पूछता, वो बोलता, अल्ला देता." मी फाइल त्याच्यापुढे ठेवली. त्यानं ती बाजूला सरकवली. मग दोस्ताला हाक मारावी तसं म्हणाला, "अल्ला देता, सदीक, लेकिन किधर देता?" आणि टेबलावरचा एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं काही झालं नाही, अब्बा. मी चांगला विचार केला. माहेर डोळ्यांपुढे आणलं, मग जिन्यात थांबलेल्या तुम्हाला आणलं. मग कागदावर डांबरी रस्ता काढला, वळण काढलं, कट्टा काढला आणि जिथे खाच होती तिथे फुली मारली. पुनवेचंही सांगितलं. त्यानं कागद घडी करून खिशात घातला आणि म्हणाला, "यल्ला, एक साल." फाइल उघडून सही केली.

तुम्ही मुदत वाढल्याचे पेढे वाटलेत, रबडी आणलीत. म्हणालात, वरवाल्याची मेहरबानी. मी रबडी खाल्ली.

पुनव उलटल्यावर तुम्ही नुसतं बघायला म्हणून तिकडे गेलात आणि मलाही नेलंत. वाळूत गाड्यांच्या चाकोऱ्या, फुटलेल्या थर्माकोलच्या पेट्या, बर्फाच्या रिकाम्या पिशव्या. पाण्याच्या कडेला साफ केलेल्या माशांची आतडी आणि तुडवलेली गाभोळी, पिवळी, उन्हात सुकत चाललेली. खाचेत काही हलत नव्हतं. मला वाटलं आता शिव्या द्याल, निदान कुणाचं तरी नाव घ्याल. पण तुम्ही वाकून आपल्या गाडीच्या जुन्या चाकोरीवर हात ठेवलात. "माझ्याच टायरच्या खुणा बघून आले असतील," म्हणालात. "येताना पुसत यायला पायजे होत्या." तो अपराध तुम्ही स्वतःकडे घेतलात आणि अखेरपर्यंत तिथेच ठेवलात. नंतर आपण गळाशिवाय, नुसते फिरायला जिथे जिथे गेलो तिथे तुम्ही खजुराच्या फांदीनं वाळूवरच्या खुणा झाडत मागे मागे चालायचात. एकदा मी तोंड उघडलंही. "अब्बा, खुणा नव्हत्या..." तुम्ही म्हणालात, "तुला काय कळतं? पोरा, वाळू सगळा सांगते." आणि मी तुमच्या हातातली फांदी घेऊन झाडायला लागलो.

पण काय वर्ष होतं ते! तुम्ही गळ कपाटात ठेवून दिला, त्यामुळे जुम्मे मोकळे झाले. दुपारी जेवून आपण दोघं, परवा मी आडवा झालो त्याच गालिच्यावर, लोळत पडायचो आणि तुम्ही न पाहिलेल्या नदीबद्दल बोलत राहायचात. तिचं पाणी कसं असेल, तळाचे गोटे कसे दिसत असतील, तिच्यावर जाळीदार ऊन कसं पडत असेल. ऐकता ऐकता मला झोप लागायची, झोपेत तुमचा आवाज वाहत राहायचा, आणि उठलो तरी तुम्ही बोलतच असायचात. त्याच वर्षी तुम्ही मला सोलांचं सार करायला शिकवलंत, आजोबा बुडाले ती गोष्ट पहिल्यांदा सांगितलीत, माझ्या लग्नात पागोट्याचा पीळ स्वतः घातलात. वर्ष संपलं, फायनल एक्झिटचा शिक्का बसला, आणि गावी गेल्यावर आठ महिन्यांत, खाडीवरून येताना, तुम्ही वाटेत बसलात ते उठला नाहीत. मला विमान मिळेपर्यंत माती झाली होती.

आता त्या महिन्यांत नाजिल धरायला सरकारची बंदी असते. तुमचा जुम्मा कायद्यात आला म्हणा. मी दर उन्हाळ्यात तिथे जाऊन बघतो. कधी दोन दिसतात, कधी तीन, आणि मी रिकाम्या हातानं परत येतो. गावी कबरीपाशी जातो तेव्हा फातिहा पढून घरातलं सगळं सांगतो, ही एवढी गोष्ट गाळतो. हे पत्र तरी कुठल्या पत्त्यावर टाकू? आज माफी मागायची असं ठरवून बसलो होतो. तुम्ही मरेपर्यंत खुणा पुसत राहिलात, त्याची माफी मनापासून मागतो, ती मी तुम्हाला देणंच लागतो. पण फुलीची मागता येत नाही, अब्बा. मुदीरनं परत तो कागद पुढे केला तर मी परत फुली मारीन, आणि या खेपेला दोन वर्षं मागून घेईन.