लंडनवरचा लोड-प्लॅन

गुरुवार, संध्याकाळ. अल रीम, आखातातलं घर.

आज जेवण गेलं नाही. लेकीला, इराला, इतिहासाच्या प्रोजेक्टसाठी मदत करायला बसलो आणि तिथेच बिनसलं. विषय असा की दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानदळाला बॉम्ब टाकून लंडन का नमवता आलं नाही.

मी कार्गो विमानांचे लोड-प्लॅन करणारा, म्हणजे किती माल, किती फ्युएल हे ठरवणारा माणूस. म्हटलं, सोपं आहे, फ्युएल जास्त घेतलं की माल कमी. त्यांची बॉम्बर विमानं दोन इंजिनांची, उचलणार किती? सोबतच्या फायटरना लंडनवर जेमतेम काही मिनिटं मिळायची. मग फ्युएलचा लाल दिवा लागायचा, की खलास, परत फिरा. खाली समुद्र आणि समोर तो लाल दिवा. त्या पायलटची कीवही आली मला.

मग अंगातच आलं. टार्गेट सारखं बदललं ही चूक, एकच धरून ठेवायचं. फायटरला जादा टाकी लावायची. पेन्सिल घेऊन सगळं बसवूनच दिलं. इरा टाइप करत होती.

सीमा भाजी वाढताना म्हणाली, "अहो, पण खाली माणसं होती ना?"

"तो प्रश्नच नाहीये," मी म्हणालो. ऑफिसात म्हणतो तसंच.

लाल दिवा दिसला, मग खालची घरं कशी नाही दिसली? दिवसभर वजनंच बघतो म्हणून? की मी मुळात असाच?

इरा हसून म्हणाली होती, "बाबा, यू वुड हॅव वन इट फॉर देम." म्हणजे जर्मनांना मी जिंकून दिलं असतं.

आणि छातीवर हात ठेवून सांगतो, तेव्हा मला बरं वाटलं होतं.